लिबरेटर, चकेरी 1948 : तिसरा टप्पा

मंडळी, माझ्या लिबरेटर बॉम्बर विमानाच्या मॉडेलचे पंख बसले. 1:72 मध्येसुद्धा (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) लिबरेटर पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरतं (खरं 110 फूट), त्यामुळे टेबलावर आता दुसरं काही मावत नाही.

हा महिना मात्र एका इंजिनातच गेला. मला आकाशातलं लिबरेटर करायचंच नाही, भंगारातून उठणारं करायचंय. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी ही अमेरिकन बॉम्बर कानपूरच्या चकेरी तळावर टाकली. लेंड-लीजचा, म्हणजे अमेरिकेनं युद्धापुरता उसना दिलेला माल, परत कुणी वापरू नये म्हणून जाताना उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू ओतली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी एकाचे भाग दुसऱ्याला लावत ती उभी केली. जमशेद मुन्शींनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली, तिथं पूर्ण दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर 1948 मध्ये वायुसेनेचं 5 नंबरचं स्क्वाड्रन त्यांवर सुरू झालं. पुढे ती 1968 पर्यंत उडाली! त्यातलं एक आज लंडनला हेंडनच्या संग्रहालयात आहे. वैमानिकांबद्दल वाचायला मिळतं, पण ती वाळू ज्यांनी उपसली त्यांचं कुणी मॉडेल केलेलं मी तरी पाहिलं नाही.

तर इंजिन. ट्विन वास्प, 14 सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा. किटमध्ये फक्त पुढची रांग होती. मागची तांब्याच्या बारीक तारेचे वेढे घालून केली. वाळूसाठी आधी कन्हानची रेती मलमलीतून चाळली, पण या मापात एक मिलिमीटरचा कण म्हणजे सात सेंटिमीटरचा दगड. शेवटी विटेची पूड, पांढरा पेस्टल आणि अगदी पातळ गोंद. सिलिंडरांच्या फटीत साचलेली ती आता खरी वाटते.

रंगाला पहाटे साडेपाचलाच बसतो. मे महिन्यात दुपारी एअरब्रशच्या टोकावरच अ‍ॅक्रिलिक वाळून जातं.

रविवारी शेजारचे काका बघायला आले. वायुसेनेच्या इथल्या, नागपूरच्या मेंटेनन्स कमांडमधून सार्जंट म्हणून निवृत्त झालेत. (ही कमांडही 1955 मध्ये कानपूरलाच सुरू झाली, मुख्यालय नंतर नागपूरला आलं.) इंजिनाखाली मी पाने, स्क्रू-ड्रायव्हर मातीत विखरून ठेवले होते. काका वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाबू, हत्यारं अशी नाही टाकत. मोजून काढायची, मोजून ठेवायची. एक पाना कमी भरला तर विमान जागचं हलत नाही."

त्याच संध्याकाळी सगळी हत्यारं उचलली. आता सिगारेटच्या चांदीखालच्या कागदाची ताडपत्री केलीय. तिच्यावर अकरा पाने ओळीनं आणि बाराव्याची जागा रिकामी. तो बारावा इंजिनावर चढलेल्या फिटरच्या हातात आहे.

पुढच्या वेळी त्या फिटरच्या पायाखालची घोडी. पितळी तारेची करतोय, सोल्डरिंग चालू आहे.