छोटं जेट घ्यायचं म्हणता? आधी विचारा, रात्री ते राहणार कुठे

आमच्या साहेबांना विमान घ्यायचं होतं. हौस होतीच, पण कारणही होतं. एक कारखाना मराठवाड्यात, दुसरा हुबळीजवळ, ऑफिस अंधेरीला, आणि आठवड्यातले निम्मे दिवस प्रवासात जायचे. कंपनीचे हिशेब मी बघते, त्यामुळे "मॅडम, परवडतंय का जरा बघून घ्या" म्हणत फाइल माझ्या टेबलावर आली. गरज असेल तेव्हा स्वतः वापरायचं, सांभाळायला एखाद्या ऑपरेटरकडे, म्हणजे विमानं चालवणाऱ्या कंपनीकडे द्यायचं आणि आपण नसू तेव्हा चार्टरला, म्हणजे भाड्याने लावून खर्च काढायचा, अशी योजना. कागदावर झकास दिसते.

लोकांना वाटतं विमान निवडणं अवघड असेल. तेच सगळ्यात सोपं. सायटेशन सीजे 3, फेनम 300, होंडाजेट, ज्याचं त्याचं ब्रोशर देखणं असतं. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण 1,150 किलोमीटर, ते यातलं कुठलंही विमान सहज कापतं. सीटा मात्र स्वतः मोजा. आम्हाला एक विमान "नऊ जणांचं" म्हणून दाखवलं. आत जाऊन मोजल्या तर आठच. नववी कुठंय विचारलं, तर मागचं दार उघडून दाखवलं: टॉयलेटवर झाकण, झाकणावर गादी, गादीला पट्टा. साहेब म्हणाले, "इथे कोणाला बसवायचं, ऑडिटरला?" शिवाय टाक्या पूर्ण भरल्या की सगळ्या सीटा भरता येत नाहीत, वजन आड येतं. पावसाळ्यात मुंबईत उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यापुरतं जादा इंधन घ्यावंच लागतं, म्हणजे माणसं आणखी कमी.

कराचं गणित थोडक्यात सांगते, कारण ते कुठलाही चांगला सल्लागार सांगेल. वैयक्तिक वापराच्या विमानावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, आधी 28 आणि वर 3 टक्के सेस होता. चार्टरच्या परवान्यावर, म्हणजे एनएसओपीवर आणलं तर 5 टक्के. हा फरक बघून सगळ्यांचे डोळे चमकतात. पण सवलतीत आणलेलं विमान चार्टरसाठीच वापरू असं कस्टम्सला लिहून द्यावं लागतं. मालक फुकट फिरला म्हणून नोटिसा आल्या आणि वर्षानुवर्षे केसेस चालल्या, अशी उदाहरणं देशात आहेत. म्हणजे स्वतःच्या विमानात बसलात तरी जाहीर केलेल्या दराने बिल फाडायचं आणि चुकतं करायचं. उलट बाजूही लक्षात ठेवा: खासगी नोंदणीच्या विमानात पैसे घेऊन कोणाला बसवता येत नाही, मित्राच्या मित्रालाही नाही.

आता मुख्य दुखणं. विमान रात्री उभं कुठे करायचं?

मुंबईत गाडीला जागा मिळत नाही तिथे विमानाला कुठून मिळणार, हे कोणालाही सुचायला हवं. पण विकणाऱ्यांपैकी एकानेही हा विषय आपणहून काढला नाही. मुंबई विमानतळावर एका वेळी एकच धावपट्टी चालते, कारण दोन्ही एकमेकींना छेदतात, आणि गर्दी एवढी की फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने आमच्यासारख्या छोट्या विमानांची बंदीची वेळ दिवसाला 4 तासांवरून 8 तास केली. सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 हे तास त्यात येतात. म्हणजे नेमके तेच तास, ज्यांच्यासाठी माणूस विमान घेतो. पार्किंगच्या जागा मोजक्या. बाहेरून आलेल्या विमानाने माणसं उतरवायची आणि दुसऱ्या गावी मुक्कामाला जायचं, ही इथली रीत. जुहू आहे की, असं आमच्याकडेही कोणीतरी म्हणालं. जुहूला मान मोठा, 1932 साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते. पण ती धावपट्टी जेटला तोकडी, आज तिथे हेलिकॉप्टरांचं राज्य.

ज्या ऑपरेटरकडे विमान सांभाळायला द्यायचं जवळपास ठरलं होतं, त्यांचा विक्रीवाला मुलगा पहिल्या भेटीतच म्हणाला, "मॅडम, पार्किंगची काळजी करूच नका, आमच्याकडे मुंबईचे बे आहेत." बे म्हणजे विमान उभं करायची जागा. मी म्हटलं, छान, लेखी द्या. तिथून गाडी जी अडली ती अडलीच. आधी "लीगलकडे पाठवलंय". मग "सर बाहेरगावी आहेत". मग कराराचा मसुदा आला. त्यात पायलटचे पगार, विमा, कॅमो फी (देखभालीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची), सिम्युलेटरचं प्रशिक्षण, सगळं कलमवार, आणि पार्किंगसाठी एकच ओळ: मुंबईत मुक्काम उपलब्धतेनुसार, अन्यथा ऑपरेटर ठरवेल त्या ठिकाणी; त्यापोटी होणारा खर्च मालकाचा.

मी त्या ओळीखाली लाल रेघ मारून तीन प्रश्न पाठवले. तुमच्या ताफ्यात विमानं किती आणि मुंबईत रात्रीच्या जागा किती? आमचं विमान आलं की कुणाचं बाहेर जाणार? मुंबईबाहेरच्या मुक्कामाचा रिकामा फेरा कोणाच्या खात्यात? उत्तर आलं: "नोटेड, विल रिव्हर्ट." फोन केला की दुसराच माणूस उचलायचा आणि मी पहिल्यापासून रामायण सांगायचं. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा त्यांना नवा हुरूप आला: "मॅडम, आता नवी मुंबई आली, प्रश्नच मिटला!" 25 डिसेंबरला तिथून प्रवासी विमानं उडायला लागली, तरी आमच्या विमानाला तिथे जागा आहे असा कागद कोणी दाखवला नाही. मला विमानतळाची बातमी नको होती, बे कुणाच्या नावावर आहे ते हवं होतं.

एवढा हट्ट का, ते सांगते. समजा विमान मुक्कामाला छत्रपती संभाजीनगरला. सकाळी साहेबांना मराठवाड्यातल्या कारखान्यावर जायचंय आणि 8 च्या आत मुंबईतून निघायचंय. मग विमान पहाटे तिकडून रिकामं मुंबईला येणार, साहेबांना घेऊन पुन्हा त्याच दिशेला उडणार, परतताना त्यांना मुंबईत सोडणार आणि रिकामं मुक्कामाला जाणार. चार उड्डाणं, माणूस दोनदाच बसला. इंजिन, चाकांचा सांगाडा, टायर यांना आत साहेब आहेत की रिकाम्या सीटा, याचं सोयरसुतक नसतं. तास आणि लँडिंगं मोजली जातात. इंधनही तेवढंच. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई-पुण्याकडचा विमान इंधनावरचा व्हॅट 25 वरून 18 टक्के केला, पण रिकामा फेरा 18 टक्क्यांतही रिकामाच. आणि त्या मुक्कामाच्या गावचा टॉवर पहाटे उघडा असतो का, हेही विचारा. वेळेआधी उघडून घ्यायचा तर त्याचे पैसे वेगळे. वैमानिक दोन, त्यांना हॉटेल आलं, ड्यूटीच्या तासांची मर्यादा आली. पहाटे रिकामं विमान आणताना त्यांचा दिवस सुरू झालेला असतो, संध्याकाळी साहेबांची मीटिंग लांबली की तास संपतात.

चार्टरच्या कमाईचं गणितही यातच अडकतं. ऑपरेटरने दिलेल्या तक्त्यात वर्षाचे भरघोस तास दाखवले होते. ग्राहकाला मुंबईतून उडायचं असतं आणि विमान मुंबईत नसतं, मग तो रिकामा फेरा ग्राहकाच्या दरात घाला, म्हणजे दर चढतो आणि तो दुसरं विमान घेतो. किंवा मालकाने सोसा. त्यात लग्नसराई, दिवाळीची सुट्टी, निवडणुका, या दिवसांत बाजाराला विमान हवं असतं आणि नेमकं तेव्हाच मालकालाही.

शेवटी मी तक्ता नव्याने केला. त्यांच्या तक्त्यात "मुंबई" लिहिलं होतं तिथे प्रत्येक फेरीला बाहेरचा मुक्काम धरला आणि तो कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी शेवटची ओळ आधी वाचली (ते नेहमी तसंच वाचतात), मग वरच्या. "म्हणजे विमान माझं आणि ते फिरणार माझ्याशिवाय?" एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात दुसऱ्या, लहानशा ऑपरेटरने सरळ लिहून दिलं: मुंबईत रात्रीची जागा देऊ शकत नाही, मुक्काम नाशिकला, रिकाम्या फेऱ्याचा दर हा. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! विमान घेतलं नाही, पण आता लागेल तशी चार्टर त्यांच्याकडूनच घेतो. खरेदीचा विषय साहेबांनी बाजूला ठेवलाय, बंद केलेला नाही.

आठवेल तसं आणखी थोडं. विमान बघताना पावसाळा धरून बघा. 14 सप्टेंबर 2023 ला मुसळधार पावसात मुंबईत एक लिअरजेट 45 उतरताना धावपट्टीवरून बाहेर गेलं होतं, आठही जण वाचले. तेव्हा ओल्या धावपट्टीला किती लांबी लागते हे ब्रोशरमधून नाही, विमानाच्या मॅन्युअलमधून काढून घ्या. राज्यातल्या बऱ्याच छोट्या धावपट्ट्यांवर अंधार पडल्यावर उडता-उतरता येत नाही, म्हणून कारखान्याजवळ धावपट्टी आहे एवढ्यावर खूश होऊ नका. समुद्राची खारी हवा उघड्यावरच्या विमानाला गंज धरवते. किनाऱ्यालगत हँगर नसेल तर तपासणीत गंजाचा मुद्दा वेगळा काढा.

जुनं विमान घेत असाल तर इंजिन तासावारी योजनेत (उडेल त्या तासाप्रमाणे देखभालीचे पैसे भरायचे) आहे का आणि ती योजना नव्या मालकाच्या नावावर होते का, ते उत्पादकाकडूनच लेखी घ्या, दलालाकडून नाही. इंजिनात बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेऱ्याची नळी घालून बघायला लावा, पण त्याआधी लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या आणि देखभालीच्या नोंदवह्या मागा, पहिल्या पानापासून. मधली पानं गहाळ असली तर किंमत पडते आणि इथे नोंदणीच्या वेळी ताप होतो. आणि सांभाळायच्या करारात एक कलम जरूर घाला: करार मोडला तर लॉगबुकं अमुक दिवसांत मालकाच्या ताब्यात. आमच्या मसुद्यात ते नव्हतं.