तुम्ही विचारलंत म्हणून: यात ठेवायचं काय?

नाशिकहून, पुण्याहून कुणी आमच्याकडे अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीला आलं की फडताळावरच्या, मी घडवलेल्या पांढऱ्या मडक्यांपाशी थांबतंच. त्यांच्या अंगावर काळ्या, नागमोडी रेघा आहेत. घोड्याच्या शेपटीचे केस जाळून त्या उमटवल्यात हे ऐकून आधी "अगं बाई!" होतं, मग मडकं हळूच उचललं जातं, आणि मग प्रश्न येतो: "सुंदर आहे गं, पण यात ठेवायचं काय?" पाणी ठेवता येत नाही, अन्न तर नाहीच. मग भांडं करायचं कशाला?

या रेघा रंगवलेल्या नाहीत, त्या मातीत शिरलेल्या आहेत. रेघ आत घ्यायची तर मातीची छिद्रं उघडी हवीत, आणि ती उघडी असली की पाणी टिकत नाही. ज्या कारणाने मडकं पाझरतं त्याच कारणाने त्यावर रेघ उमटते.

मडकं वाळत आलं की पाण्यात निवळून घेतलेल्या अगदी बारीक मातीचे पातळ थर मी त्याला देते आणि मऊ फडक्याने घोटते. इथले पुएब्लो (इथले मूळ रहिवासी; त्यांच्या गावांनाही पुएब्लोच म्हणतात) कुंभार नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटतात. आईने दिलेला गोटा मुलगी पुढे वापरते, इतकी त्याची किंमत. मग पहिलं भाजणं, साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत. त्याच्या फार वर गेलं की माती घट्ट व्हायला लागते, छिद्रं मिटतात आणि घोटून आणलेली चकाकीही जाते. काचेची झिलई दिली तर पाणी राहील, पण केसाला शिरायला जागाच उरणार नाही.

दुसऱ्यांदा मडकं सुमारे ७०० अंशांपर्यंत तापवून लांब चिमट्याने बाहेर काढायचं. खरं काम इथून पुढच्या थोड्या मिनिटांचं. मडकं फार तापलेलं असताना केस टेकवला तर केस जळतोच, त्याची काजळीही हवेत जळून जाते आणि भिंत कोरीच राहते. उशीर झाला तर केस वितळून चिकटतो, खरखरीत डाग पडतो. मधल्या वेळात मात्र केस टेकताक्षणी आक्रसतो, वळवळतो, काळा होतो. त्याचा कार्बन छिद्रांत उतरतो आणि धुराची करडी छटा बाजूला पसरते. शेपटीचा केस जाड, त्याची रेघ ठसठशीत. आयाळीचा बारीक, त्याची रेघ कोळ्याच्या जाळ्यासारखी. माणसाचा केसही चालतो, पण रेघ फार फिकी येते. वास येतो, हो. तोंडाला मास्क लावून, उघड्यावरच हे करायचं. गार झाल्यावर राख पुसून वरून मेण चोळलं की झालं.

"पण माठही पाझरतोच की!" असं एका मावशींनी मला विचारलं होतं, आणि प्रश्न अगदी रास्त होता. माठाचं पाझरणं हेच त्याचं काम: बाहेर आलेलं पाणी उडून जाताना आतलं गार करतं. माझ्या मडक्यावर मेण आहे, काजळी आहे. त्यातलं पाणी कुणी पिऊ नये आणि ओलाव्याने घोटलेल्या अंगावर डाग पडतात. वापरायचं भांडं हवं असेल तर तेही याच राज्यात मिळतं. ताओस आणि पिकुरिस पुएब्लोत अभ्रकाच्या मातीची भांडी होतात, ती थेट विस्तवावर चढतात. त्यांत शिजवलेल्या घेवड्याची चव मला अजून कुठल्याच कुकरमध्ये मिळालेली नाही.

दुकानांतून ही केसांची मडकी 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून विकतात. ते मला खटकतं, कारण खरी हकिगत त्याहून चांगली आहे. या भागात घोडे स्पॅनिश लोकांबरोबर आले. कोरोनाडो या स्पॅनिश सरदाराची मोहीम १५४० ची. १६८० मध्ये पुएब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना हाकललं, त्यांचे घोडे मागे राहिले आणि पुढे दूरवर पसरले. एका कुंभारणीचे मोकळे केस वाऱ्याने तापलेल्या मडक्यावर उडाले आणि रेघ उमटली, अशी गोष्ट सांगतात. पण घोड्याच्या केसांची मडकी बाजारात रुळली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत, मुख्यतः नवाहो या इथल्या दुसऱ्या मूळ जमातीतल्या आणि अकोमा, हेमेस अशा पुएब्लोंतल्या कलाकारांच्या हातून. जुनं आहे ते त्याखालचं ज्ञान. अकोमात फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या कुटून नव्या मातीत मिसळतात आणि युक्का या इथल्या रानझाडाच्या पात्याच्या कुंचल्याने केसाएवढ्या बारीक रेघा काढतात. सान इल्देफोन्सो पुएब्लोतल्या कुंभार मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) घोड्याच्या वाळक्या लिदीचा भुगा टाकून जाळ कोंडायच्या. त्या कोंडलेल्या धुरातूनच त्यांची जगप्रसिद्ध काळी भांडी झाली. आपल्याकडेही कुंभार मातीत लीद मिसळतात. घोडा आणि कुंभार यांची ओळख दोन्हीकडे आहे.

ठेवायचं काय, याचं सर्वांत चांगलं उत्तर मला घोडे पाळणाऱ्या लोकांनी दिलं. घोडा गेला की ते शेपटीचा झुपका कापून ठेवतात आणि माझ्याकडे आणतात. मी तो धुऊन, घोड्याचं नाव लिहिलेल्या पाकिटात वेगळा ठेवते. दुसऱ्याचा एक केसही त्यात मिसळू देत नाही. त्या घोड्याच्या मडक्यावर त्याचेच केस. अशी मडकी घरी नेणाऱ्यांपैकी कुणीही आजवर मला उपयोग विचारलेला नाही.

मी पुएब्लो नाही, नवाहोही नाही. म्हणून त्यांची नक्षी मी कोरत नाही आणि माझी मडकी त्यांच्या नावाने विकत नाही. तसं करणं १९९० च्या कायद्याने इथे गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी केलं नसतं. त्यांच्या हातचं हवं असेल तर सांता फे शहरात गव्हर्नर्स पॅलेस या जुन्या वाड्याच्या ओसरीत जा. तिथे कलाकार स्वतः जमिनीवर माल मांडून बसतात. साच्यातल्या तयार मडक्यावर केस जाळून, नक्षी कोरूनही पुष्कळ माल होतो, तो स्वस्त असतो आणि सांगून विकला तर त्यात काही गैर नाही. हाताने वळ्या रचून केलेलं मात्र महाग असणारच. घेताना एवढंच विचारा, की हे वळ्यांचं की साच्याचं, आणि माती कुठली. ज्याने माती स्वतः खणून आणली आहे, तो त्या टेकडीपासून सांगायला सुरुवात करतो. वेळ काढून ऐका.