पिवळ्या बाणांमागे स्पेन

सँ-जाँ-पिए-द-पोर हे गाव फ्रान्समधलं, पण सांतियागोच्या वारीला, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलपर्यंतच्या पायी यात्रेला, निघणारे बरेच जण पहिलं पाऊल तिथेच टाकतात. 170 मीटर उंचीवरून निघायचं, पिरेनीजमधली 1,400 मीटरच्या वरची खिंड ओलांडायची आणि 25 किलोमीटरवर स्पेनच्या नाव्हारा प्रांतातल्या रोन्सेस्वायेसला उतरायचं. पुढे सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत साधारण 780 किलोमीटर. आम्ही 10 सप्टेंबरला निघालो आणि ऑक्टोबरच्या मध्याला पोचलो. नोव्हेंबर ते मार्च ही वरची वाट बंद असते, तेव्हा वाल्कार्लोसच्या दरीतून जावं लागतं. पहिल्याच दिवशी गुडघा गेला की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून पाठीवरचं ओझं वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या वर नेऊ नये. 60 किलोच्या माणसाने पाण्यासकट सहाच किलो घ्यावं.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी व्हिसा स्पेनचाच काढावा. पाऊल आधी फ्रान्समध्ये पडलं तरी जास्त दिवस स्पेनमध्ये जाणार असतात, आणि शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम त्यावर चालतो. विम्याचा कागद हाताशी ठेवावा. गावच्या आरोग्य केंद्रात, म्हणजे सेंत्रो दे सालुदमध्ये, भारतीय माणसाकडून पैसे घेतले जातात. ते परत मिळवायचे तर ‘फाक्तुरा’ म्हणजे पक्कं बिल मागून घ्यावं लागतं. आणीबाणीचा नंबर देशभर 112.

दोन देशांची हद्द कुठे ओलांडली ते कळतच नाही. चौकी नाही, पोलीस नाही. बदलतात त्या पाट्या. रोन्सेस्वायेसच्या खाली ओर्रेआगा, पांप्लोनाच्या शेजारी इरुन्या. दुसरं नाव बास्क भाषेतलं, आणि नाव्हाराच्या उत्तर भागात ती स्पॅनिशच्या जोडीने राजभाषा आहे. 1978 च्या संविधानाने स्पेनमध्ये राजा ठेवला, पण कारभार माद्रिदच्या लोकनियुक्त सरकारकडे आणि 17 स्वायत्त प्रांतांकडे वाटून दिला. शाळा आणि दवाखाने प्रांतांकडे. नाव्हारा तर बहुतेक कर स्वतः गोळा करतो आणि ठरलेला वाटा माद्रिदला पाठवतो. हा हक्क देशात फक्त त्याला आणि शेजारच्या बास्क प्रांताला आहे. चालणाऱ्याला हे सगळं वाटेवरच्या खुणांमधून कळत जातं: प्रांत बदलला की दगडाची खूण बदलते, फलकाचा रंग बदलतो, सणाची सुट्टी बदलते. सुट्टीचं लक्षात ठेवाच. 21 सप्टेंबरच्या आसपास लोग्रोन्यो शहरात सान मातेओचा सण असतो आणि खाट मिळणं मुश्कील होतं. 12 ऑक्टोबरला राष्ट्रीय दिन, त्या दिवशी वाण्याचं दुकानही उघडं सापडत नाही.

पांप्लोनाच्या कडेला फोक्सवॅगनचा मोठा कारखाना आहे. मोटारी बनवण्यात युरोपात जर्मनीच्या खालोखाल स्पेनचा नंबर लागतो. शहर सोडल्यावर पेर्दोनच्या धारेवर पवनचक्क्यांची रांग लागते. आता या देशाच्या विजेत वाऱ्याचा वाटा सगळ्यात मोठ्यांपैकी एक आहे. या धारेवरून उतरताना गोट्यांसारखे सुटे दगड पायाखाली सरकतात आणि घोटे इथेच मुरगळतात. काठ्या असतील तर इथे बाहेर काढाव्यात.

ला रिओहा प्रांतात शिरलो तेव्हा द्राक्षांची तोडणी सुरू होती. नाशिकच्या मांडवाखालून फिरलेल्या माणसाला हे मळे पाहून नवल वाटतं. जुन्या मळ्यांत वेलाला तार नाही, मांडव नाही. मांडीइतक्या उंचीचं एक जाड, पीळ पडलेलं खोड, त्यावर पसरट वाटीसारख्या फांद्या, आणि घड पार जमिनीजवळ. पाऊस कमी, उन्हाळा कडक आणि रात्री गार, म्हणून झाड बुटकं ठेवून ओल आणि सावली दोन्ही राखायची. तोडणारा माणूस दिवसभर कमरेत वाकलेला असतो. यातले बरेच मजूर मोरोक्कोचे, रोमानियाचे, पश्चिम आफ्रिकेचे. टेंप्रानियो जातीची ही काळी द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची; खायची नव्हेतच, सगळी वाइनला जातात. वाटेकडेचा घड तोडू नये. ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे.

बुर्गोसमध्ये शिरताना दोन तास कारखान्यांच्या शेडमधून डांबरावर चालावं लागतं. तिथे आर्लान्सोन नदीकाठची वाट घ्यावी, थोडी लांब आहे पण तळवे वाचतात. बुर्गोस ते लेओन साधारण 180 किलोमीटर ही मेसेता, म्हणजे स्पेनच्या मधोमध असलेलं 700-800 मीटर उंचीचं पठार. अनेक जण हा तुकडा बसने टाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण देश इथे कळतो. कास्तिया इ लेओन हा एकटा प्रांत पोर्तुगालपेक्षा मोठा, 94 हजार चौरस किलोमीटरचा, आणि माणसं जेमतेम 24 लाख. त्यात 2,248 नगरपालिका, बहुतेक 500 वस्तीच्या आतल्या. 1950 आणि 60 च्या दशकांत इथली तरुण माणसं माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओच्या कारखान्यांकडे गेली ती परत आली नाहीत. शेती थांबली नाही, ती यंत्रांकडे गेली. गहू-बार्लीची धसकटं नजर पोचेल तिथवर, मध्ये काळी पडलेली, माना टाकलेली सूर्यफुलं, आणि दिवसभरात एखादा ट्रॅक्टर. मातीच्या विटांच्या भिंती पावसाने विरघळून पुन्हा माती होताना दिसतात. फ्रोमिस्ताजवळ वाट कास्तियाच्या कालव्याला लागते. 18व्या-19व्या शतकात धान्य नावांनी नेण्यासाठी तो 207 किलोमीटर खणला. मग रेल्वे आली आणि आता त्यातून शेतांना पाणी जातं.

अशा गावांत बहुधा एक चर्च, एक बार आणि एक आल्बेर्गे असते. आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. काही नगरपालिकेच्या, काही चर्चच्या, काही खाजगी. क्रेदेन्सियाल, म्हणजे यात्रेकरूचं शिक्क्यांचं पुस्तक, दाखवल्याशिवाय सरकारी किंवा चर्चच्या धर्मशाळेत खाट नाही. एकच रात्र, दहाला दिवे बंद, सकाळी आठपर्यंत बाहेर. ‘दोनातिवो’ लिहिलेलं असेल तर फुकट समजू नये. तुम्ही पेटीत टाकलेल्या पैशांतून उद्याच्या माणसाचं जेवण होतं. जेवायला कारियोन गावाहून पुढे काहीच नाही: काल्सादियापर्यंत 17 किलोमीटर ना झाड, ना नळ. दोन लिटर पाणी भरूनच निघावं. नळावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर ते पिऊ नये.

शाकाहारी माणसाचे हाल होतात ते शब्दांमुळे. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगितलं तर डाळीत डुकराच्या सॉसेजचे तुकडे आणि सॅलडवर मासा येऊ शकतो. ‘सिन हामोन, सिन चोरिसो, सिन आतून’ असं नाव घेऊन सांगावं: हामोन म्हणजे डुकराची सुकवलेली मांडी, चोरिसो म्हणजे ते सॉसेज, आतून म्हणजे टूना मासा. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी दिवसभर. शनिवारीच पाव, चीज, टोमॅटो घेऊन ठेवावे.

घड्याळाचा हिशेब वेगळाच आहे. स्पेन नकाशावर लंडनच्या रेषेत, पण 1940 पासून वेळ मध्य युरोपची. त्यामुळे पश्चिमेला जाल तसा सूर्य उशिरा उगवतो. ऑक्टोबरच्या मध्यावर गालिसियात, म्हणजे वाटेवरच्या शेवटच्या प्रांतात, पावणेनऊला उजाडतं. सहाला निघणाऱ्याला अडीच तास विजेरी लागते आणि अंधारात वाट दाखवणारे बाण चुकतात. हे पिवळे बाण 1984 मध्ये ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावाचे पाद्री एलियास वालिन्या यांनी रंगवायला सुरुवात केली.

ओ सेब्रेइरोच्या आधी एक उतार येतो. 1,500 मीटरवरच्या लोखंडी क्रूसापासून मोलिनासेकापर्यंत 900 मीटर खाली, खडकांवरून. बोटं बुटाच्या टोकावर आदळून नखं काळी पडतात. बूट एक नंबर मोठा हवा आणि उताराआधी घोट्यापाशी नाडी आवळून बांधायला हवी.

ओ सेब्रेइरोला गालिसिया लागतो आणि हिरवं सुरू होतं. अटलांटिकचा पाऊस, गाई, काळ्या स्लेटची छपरं; देशातलं सगळ्यात जास्त दूध इथलं. मेसेतात शेतं संपत नाहीत, इथे वारसांत वाटून ती घराएवढी झाली आहेत. परसात ओर्रेओ: मका साठवायची लांबट, फटींची कोठी, दगडी खांबांवर उभी. प्रत्येक खांब आणि कोठी यांच्यामध्ये एक सपाट दगडी चकती असते, ती खांबाबाहेर वीतभर येते. उंदीर खांब चढतो पण चकती ओलांडू शकत नाही. फटींतून वारा खेळतो म्हणून पावसाळी हवेतही मका सुकतो. डोंगरांवर निलगिरी, कागदाच्या लगद्यासाठी लावलेली.

इथल्या मैलाच्या दगडावर उरलेलं अंतर मीटरपर्यंत लिहिलेलं असतं. सारियापासून 115 किलोमीटर उरतात आणि गर्दी वाढते, कारण वारी केल्याच्या प्रमाणपत्राला शेवटचे 100 किलोमीटर चालणं पुरतं. 2024 मध्ये जवळपास 5 लाख लोकांनी ते घेतलं. या टप्प्यात रोज दोन शिक्के हवेत, एक चुकला तर यात्रेकरू कार्यालयात अडतं.

शेवटी ओब्रादोइरो चौक. चारी बाजूंना चार इमारती. पूर्वेला कॅथेड्रल, आत पाठीवरची बॅग चालत नाही. उत्तरेला फर्नांडो आणि इसाबेल या ‘कॅथलिक राजा-राणी’ने यात्रेकरूंसाठी बांधवलेलं रुग्णालय, आता सरकारी मालकीचं हॉटेल. दक्षिणेला विद्यापीठाचं कार्यालय. आणि कॅथेड्रलच्या समोर राशोई वाडा: तिथे सांतियागोची नगरपालिका बसते.