वहीतला दहावा क्रमांक

गेल्या महिन्यात नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या जुन्या घराला रंग द्यायचे ठरले, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझी एक दोनशे पानी वही सापडली. वर ‘इयत्ता आठवी, भूगोल’ असे लिहिलेले असले तरी पहिली बारा पाने सोडली तर आत भूगोल कुठेच नाही. बाकीच्या पानांवर पट्टीने उभ्या रेघा ओढून रकाने पाडलेले आहेत: तारीख, क्रमांक, गाणे, चित्रपट आणि मागील आठवडा. शेवटच्या रकान्यात कुठे वर जाणारा बाण आहे, कुठे खाली जाणारा, तर कुठे ‘नवीन’ एवढाच शब्द. अक्षर दोघांचे आहे, माझे आणि ताईचे. टीव्हीवरच्या गाण्यांच्या क्रमवारीची, १९९४ च्या जूनमध्ये सुरू झालेली ही नोंद १९९७ पर्यंत चालली, आणि मधले फारच थोडे आठवडे कोरे गेले आहेत.

टीव्हीवर गाणी त्याआधीही होतीच. गुरुवारी ‘छायागीत’ असे, ‘चित्रहार’ असे आणि रविवारी सकाळी अंघोळीच्या गडबडीत ‘रंगोली’ असे. पण त्या कार्यक्रमांत गाण्यांना क्रमांक नव्हते. जे गाणे लागेल ते पाहायचे आणि उठायचे. क्रमवारीची गोडी त्याहून जुनी आणि ती रेडिओची. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ची आठवण आई आजही काढते. निफाडला तिच्या माहेरी बुधवारी रात्री आठच्या आत जेवणे उरकलेली असत, आणि निवेदक अमीन सयानी एकेक ‘पायदान’ चढत वर जात असताना माजघरात कोणी मोठ्याने बोललेले आजोबांना खपत नसे. त्यामुळे ‘सुपरहिट मुकाबला’ आणि ‘फिलिप्स टॉप टेन’ हे गाण्यांच्या क्रमवारीचे कार्यक्रम टीव्हीवर आले तेव्हा आम्हाला जे नवलाचे वाटले, ते आईला ओळखीचे वाटले. फरक इतकाच की आता गाणी दिसत होती, सूत्रसंचालक बाबा सहगल चित्रविचित्र कपड्यांत समोर उभे राहत होते, आणि झी वाहिनीवर दोन गाण्यांच्या मध्ये सतीश कौशिक यांचे विनोदी प्रसंग पाहायला मिळत होते.

आमच्याकडे दूरदर्शनची मेट्रो वाहिनी आणि झी या दोन्ही केबलवरूनच आल्या. बाबा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते आणि त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत. दुसरी पाळी असली की ते रात्री उशिरा घरी येत, आणि तो आमच्यासाठी सणाचा आठवडा असे, कारण आवाज हवा तेवढा मोठा ठेवता येई. तिसरी पाळी असली की ते संध्याकाळी झोपून निघत, तेव्हा आम्ही टीव्हीला कान लावून, कधी तर अक्षरशः ओठांच्या हालचालींवरून गाणी टिपली आहेत. त्या आठवड्यांतले आमचे अक्षरही बारीक आले आहे, हे वही चाळताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आले.

या कार्यक्रमांची सगळी गंमत उलट्या मोजणीत होती. सुरुवात दहाव्या क्रमांकापासून होई आणि पहिला क्रमांक शेवटी येई. आपल्या आवडीचे गाणे वर असेल तर तिथे पोहोचण्यासाठी खालची सगळी गाणी ऐकावीच लागत, कारण गाणे पुढे सरकवण्याची सोय नव्हती आणि उठून जावे तर नेमका एखादा क्रमांक टिपायचा राहून जाई. गाणी पूर्ण दाखवत नसत. मुखडा आणि एक अंतरा झाला की गाणे मध्येच तोडले जाई आणि जाहिरात लागे. तुटलेल्या त्या जागेपुढचे गाणे आम्ही मनातच पुरे करत असू, आणि त्यातले शब्द ताईचे वेगळे व माझे वेगळे असत.

मला ज्याबद्दल मनापासून सांगावेसे वाटते, ते या नावडत्या गाण्यांबद्दल. वहीत एका पानावर दहाव्या क्रमांकाच्या गाण्यापुढे ताईने ‘शी!’ असे लिहिले आहे. गाणे संथ होते, त्यात नाच नव्हता, नायक-नायिका एका खोलीत बसून राहिली होती, आणि आम्हा दोघांनाही ते आठवडाभरात कधी एकदा यादीतून जाते असे झाले होते. पुढच्या आठवड्यात ते नवव्या क्रमांकावर आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा दहाव्यावर गेले, पण ‘शी!’ लिहिलेले नाही. चौथ्या आठवड्याच्या ओळीपुढे काहीच नाही. पाचव्या आठवड्यात त्याच गाण्यापुढे ताईने निळ्या शाईने पाच टोकांची चांदणी काढली आहे. गाण्याचे नाव मी इथे मुद्दाम देत नाही, कारण ते दिले तर वाचणारा ते लगेच फोनवर लावून ऐकेल आणि अर्ध्या मिनिटात आवडले किंवा नाही ते ठरवून मोकळा होईल. आम्हाला ते ठरवायला पाच आठवडे लागले, आणि ते पाच आठवडे आम्ही मागून घेतले नव्हते, त्या कार्यक्रमाच्या रचनेनेच ते आमच्या पदरात टाकले होते.

आवडलेली गाणी जवळ ठेवण्याचे मार्ग दोनच होते. एक म्हणजे कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन बसने सीबीएसपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जायचे आणि तिथून चालत मेन रोडवरच्या दुकानात जाऊन ती भरून घ्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सहा, फार तर सात गाणी बसत. दुसरा मार्ग फुकटचा होता. टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर पाटावर ठेवायचा, रेकॉर्डचे आणि प्लेचे अशी दोन्ही बटणे एकदम दाबायची आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचे. त्यासाठी बाबांच्या जुन्या भजनांच्या एका कॅसेटचा बळी गेला. तिच्या वरच्या कडेचे दोन्ही कान तोडलेले होते, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येऊ नये अशी तजवीज होती. पण त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की ती कॅसेट पुन्हा भरता येते, हे ताईला शेजारच्या दादाने दाखवले होते. ती कॅसेट अजून आहे. तिच्यात एका गाण्याच्या अंतऱ्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, आणि तिसरीनंतर आईचा आवाज येतो: “अगं, गॅस बारीक कर.” ते गाणे आता कुठेही लागले तरी त्या ठिकाणी मला शिट्टी ऐकू येते.

पुढे पुढे वहीचा चेहरा बदलत गेला. १९९४ साली चॅनल व्ही आले आणि १९९६ साली एमटीव्हीची भारतातली वाहिनी सुरू झाली. त्यांच्यासोबत चित्रपटाशी संबंध नसलेली गाणी आमच्या घरात आली. अलिशा चिनॉय आणि दलेर मेहंदी यांची गाणी टिपताना ‘चित्रपट’ या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न पडे, म्हणून तिथे आम्ही आडवी रेघ मारू लागलो. १९९६ च्या सुमारास पानांवर या आडव्या रेघा बऱ्याच दिसतात. लकी अली यांच्या गाण्यात इजिप्तचे पिरॅमिड दिसले, तेव्हा भूगोलाच्या वहीत भूगोल आला म्हणून ताई हसली होती. मराठी गाणे मात्र या तीन वर्षांच्या नोंदीत एकदाही नाही. देशभरासाठीच्या त्या दहा जागांत आपल्या भाषेला जागा नाही, याचे तेव्हा आम्हाला काही वाटले नाही, आणि तेव्हा काही वाटले नाही याचेच आज वाईट वाटते. मराठी गाण्यांची ‘नाइन एक्स झकास’ ही वाहिनी २०११ मध्ये आली. तोवर वही ट्रंकेत जाऊन कित्येक वर्षे झाली होती.

१९९५ च्या डिसेंबरातले एक पान इतरांपेक्षा वेगळे आहे. वर्षभरातल्या गाण्यांची क्रमवारी त्या दिवशी लागणार होती. थंडी कडाक्याची होती, आम्ही दोघे एका गोधडीत वही घेऊन बसलो होतो, आणि चौथा क्रमांक लिहून होतो न होतो तोच वीज गेली. ताईने गच्चीवर जाऊन पाहिले तर त्रिमूर्ती चौकापर्यंत सगळा अंधार होता. वीज आली तेव्हा बातम्या सुरू होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात सिडकोतल्या कोणालाच पहिले तीन क्रमांक ठाऊक नव्हते. शेवटी नाशिकरोडहून येणाऱ्या एका मैत्रिणीने ताईला ते सांगितले, पण पहिल्या आणि दुसऱ्याबद्दल तिचीही खात्री नव्हती. ताईने ती तीन नावे पेन्सिलने लिहिली. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले शाईने आणि ऐकीव ते पेन्सिलने, हा नियम तिने त्याच दिवशी केला आणि पुढे शेवटपर्यंत पाळला.

आज माझ्या फोनमध्ये त्या वहीतले प्रत्येक गाणे आहे, पूर्ण आहे आणि हवे तेव्हा लागते. पंचवीस वर्षे न ऐकलेली गाणी मला त्या सोयीमुळेच परत मिळाली, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण माझी भाची आमच्या घरी राहायला आली की मी पाहतो, तिचा अंगठा पाचव्या सेकंदाला पुढच्या गाण्यावर जातो, आणि तिला जे आवडले त्याच धाटणीचे पुढचे गाणे फोन आपणहून काढून देतो. तिच्या यादीत नावडते गाणे येतच नाही. तिच्या वहीत ‘शी!’ कुठे नसेल, आणि मग पाचव्या आठवड्यातली ती चांदणीही नसेल, हे मला फार लागते.

वहीच्या त्या डिसेंबरातल्या पानाचा फोटो मी पुण्याला ताईला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन आला. पहिल्या क्रमांकावर कोणते गाणे होते यावर आमचा पुन्हा वाद झाला, अगदी तेव्हासारखा, आणि दोघांनीही माघार घेतली नाही. मग ती म्हणाली, “शोधलं तर कुठेतरी सापडेल रे खरी यादी. मग शाईने लिहून टाक.”

मी शोधले नाही. रंगकाम संपले तेव्हा वही ट्रंकेत परत ठेवण्याआधी ते पान पुन्हा एकदा उघडले. पेन्सिल बरीच पुसट झाली आहे, पण खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरके धरले की तिन्ही नावे वाचता येतात.