पायाला फळी मिळाली!

आज माझ्या अव्हेंजर मोटारसायकलला फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायच्या सपाट फळ्या, बसवले. कंपनीकडून येतात ते नुसते फूटपेग, म्हणजे पाय टेकवायचे दांडे, बोटभर रुंद. पुणे-कोल्हापूर एका दमात केलं की डावा गुडघा आखडायचा, कारण पाय हलवायला जागाच नाही. फूटबोर्डवर पाय पुढे-मागे सरकतो, टाच टेकते.

नाना पेठेत आमच्या मेस्त्रींकडे सकाळपासून होतो. पेगची पिन काढून बोर्ड अडकवणं अर्ध्या तासात झालं. खरं काम पुढेच होतं. बूट आता सपाट पत्र्यावर, त्यामुळे गिअर लिव्हरखाली अंगठा शिरेना. मेस्त्रींनी लिव्हर दातेरी शाफ्टवरून उपसली, एक दाता वर घेऊन बसवली. मी बसून पाहिलं, अजून अडत होतं. मग आणखी एक दाता. ब्रेक पेडलही उचललं, तर मागचा ब्रेकचा दिवा सतत पेटलेला! त्या दिव्याच्या स्विचची स्प्रिंग पुन्हा लावून घेतली. हे तपासल्याशिवाय गॅरेजमधून बाहेर पडू नका, मागच्याला तुम्ही ब्रेक दाबल्याचं कळणारच नाही.

बोर्ड बिजागरीचेच घ्या, ही माझी कळकळीची विनंती. वळणावर गाडी कलली की बोर्ड पेगच्या आधी रस्त्याला लागतो. दुमडला तर निभावतं, पक्का असेल तर मागचं चाक उचलू शकतो.

संध्याकाळी कात्रजपर्यंत जाऊन आलो. घाटात मुद्दाम हळू घेतलं. परत येऊन सगळे नट पुन्हा आवळले, एक सैल निघाला. गुडघा मात्र शांत आहे. रविवारी वाई!