कंबोडियाची ट्रिप अन् बर्ड फ्लूची काळजी, सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन कंबोडियाला जाऊन आलो. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, तिथून बँकॉकमार्गे सिएम रीप. तिथलं नवीन एअरपोर्ट गावापासून लै लांब आहे, गाडी आधीच सांगून ठेवा. तिथल्या अंगकोरच्या जुन्या मंदिरांचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, वयस्कर माणसं सोबत असतील तर तीन दिवसांचंच घ्या, उन्हात पळापळ होत नाही.

निघायच्या आधी घरात सगळ्यांचं एकच, तिथं बर्ड फ्लू आहे म्हणे, कशाला जाताय. आहे, खरंय. २०२३ पासून तिथं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा व्हायरस, परत माणसांत सापडायला लागलाय, लेकरंही दगावलीत. पण बहुतेक पेशंटचा संबंध आजारी नाहीतर मेलेल्या कोंबड्या-बदकांशी आला होता, कुणी हाताळल्या, कुणी घरी कापल्या. म्हणून माझं स्पष्ट मत, ट्रिप रद्द करू नका, जिवंत पक्ष्यांपासून लांब रहा.

म्हणजे काय तर, बाजारात जिथं कोंबड्या-बदकं पिंजऱ्यात ठेवलेली असतात, तिथंच कापतात, त्या गल्लीत फोटोसाठीसुद्धा जायचं नाही. व्हायरस विष्ठेत असतो, लाळेत असतो, वाळलेली विष्ठा धुळीबरोबर उडते. खेड्यातला होमस्टे घेणार असाल तर अंगणात कोंबड्या मोकळ्या फिरतात का ते आधी विचारा, पोरं लगेच पिल्लं उचलायला धावतात. आणि बाहेरची चप्पल खोलीत नको.

खाण्याचं म्हणाल तर पूर्ण शिजलेलं चिकन बिनधास्त खा, ७० डिग्रीला व्हायरस मरतो, फक्त आतून गुलाबी दिसलं तर परत पाठवा. अंडं कडक उकडलेलं. पुढं व्हिएतनामला जाणार असाल तर बदकाच्या कच्च्या रक्ताची तिएत कान नावाची डिश असते, कुणी कितीही आग्रह केला तरी नको.

साध्या फ्लूची लस घेऊन जा. ती बर्ड फ्लू थांबवत नाही, पण दोन्ही एकदम होण्याची शक्यता कमी करते. आणि परत आल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल झाले तर मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे मास्क लावून जा, आणि ते विचारायची वाट न बघता, कुठल्या देशातून आलो, पक्ष्यांजवळ गेलो होतो का, हे पहिल्यांदा सांगा, कारण ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.