आमची वाटचाल: निचऱ्याच्या पाण्यापासून

आम्ही दोघे भागीदार आधी हरितगृहांना ठिबक आणि पंप बसवून द्यायचो. कोकोपीटवरच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशावरच्या) पिकाला दिलेल्या खतपाण्यातलं 20 ते 30 टक्के पाणी खालून निथळून पन्हळीतून वाहून जायचं. त्याबरोबर विकतचं नत्र, पालाश, कॅल्शियमही. रोज डोळ्यांदेखत ते जाताना पाहवेना. हेच पाणी शुद्ध करून पुन्हा पिकाला द्यायचं, या ध्यासातून हा व्यवसाय उभा राहिला.

पहिलंच काम फसलं. जाळीचा फिल्टर आणि जंतू मारणारा 254 नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा बसवून आम्ही निर्धास्त झालो होतो. काही आठवड्यांत काकडीची रोपं भर दुपारी माना टाकू लागली. एक रोप उपटून मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरला. पिथियम! म्हणजे मुळं कुजवणारा, पाण्यातून पसरणारा बुरशीसारखा रोगजंतू. पाणी फिरतं तिथे एका रोपाचा रोग साऱ्या ओळींत पोचतो. दिवा चालू होता, पण निचऱ्याच्या पाण्याला कोकोपीटचा चहासारखा रंग होता आणि त्यातून किरण पुरेसे आत शिरत नव्हते. रोपं आम्ही पदरमोड करून बदलून दिली.

मग मंदगती वाळू गाळणीकडे वळलो. चौरस मीटरमागे तासाला 100 ते 300 लिटर, इतक्या सावकाश पाणी उतरतं. वाळूच्या माथ्यावर जिवाणूंचा चिकट थर धरतो, खरी राखण तोच करतो. तो धरायला काही आठवडे लागतात आणि कितीही घाई असली तरी तोवर आम्ही पाणी पिकाला जोडत नाही. जागा नसेल तिथे आधी बारीक गाळण, मग यूव्ही. यूव्हीमुळे लोहाचं चिलेट (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं संयुग) मोडतं, पिकाला लोह कमी पडून शेंडे पिवळे पडतात, म्हणून लोहाची भर दिव्यानंतर घालतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते सोडियमने. बहुतेक पिकं ते फारच थोडं उचलतात, त्यामुळे पाणी जितकं फिरेल तितकं ते साठत जातं. ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र) फक्त एकूण क्षार सांगतो. आकडा जागेवर दिसतो आणि आत पालाशची जागा सोडियमने घेतलेली असते. म्हणून मूळ पाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल पाहिल्याशिवाय आम्ही आराखडा काढत नाही. खारं पाणी असेल तर आधी पावसाचं पाणी साठवायला सांगतो. आरओ बसवला तर त्याचं टाकाऊ खारं पाणी कुठे जाणार, हे ठरल्यावरच काम घेतो. ‘एक थेंबही बाहेर जाणार नाही’ असं लिहून मागणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नकार दिला आहे, कारण सोडियम साठत जाणाऱ्या पाण्यावर ते निभत नाही.

अलीकडे मत्स्यटाक्या आणि भाजीपाला एकत्र जोडायचं काम सुरू केलंय. माशांचा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा तो पिकाच्या कामी येतो. सध्याच्या टाकीत जिवाणू वाढावेत म्हणून आधी घातलेला अमोनिया उतरला आहे, पण माशांना घातक असलेलं नायट्राइट अजून वर आहे. रोज सकाळी नमुना घेतोय. म्हणूनच मासे अजून सोडलेले नाहीत.